टँकमधलं नायट्रेट आणि दोन चमचे व्हिनेगर: कार्बन डोसिंगचा हिशेब समजल्याशिवाय मरीन टँकची एएमसी घेऊ नका



ॲक्वेरियम मेंटेनन्सच्या व्यवसायावरचा आपला व्हिडिओ झाल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, गोड्या पाण्याचे टँक जमतात. पण मरीन टँकचं नायट्रेट काही केल्या खाली येत नाही. कुणी म्हणतं व्होडका टाका, कुणी म्हणतं व्हिनेगर टाका. खरंच टाकायचं का?"

उत्तर हो आहे. पण त्याच्या आधी माझी एक फजिती सांगतो. व्हिडिओत ती दोन मिनिटांत उरकली होती. इथे आकड्यांसकट सांगतो, कारण चूक आकड्यांचीच होती.

तीन दिवसांत गेलेलं काम

मी या धंद्यात नवीन होतो. एका दातांच्या दवाखान्यात ३०० लिटरचा मरीन टँक होता. सिरॅमिक रॉक, क्लाउनफिशची जोडी, एक ब्लू टँग, दोन-तीन डॅमसेल. नायट्रेट ८० पीपीएमच्या आसपास, काचेवर शेवाळ, आणि डॉक्टरांचं दर वेळी एकच वाक्य, "पेशंट विचारतात हो, पाणी असं का दिसतं?"

मी कुठेतरी वाचलं होतं की व्होडकाने नायट्रेट उतरतं. किती टाकायची हे मात्र नीट वाचलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी १५ मिली टाकली. रिसेप्शनवरच्या ताईंना सांगितलं, उद्या जाताना अजून १५ मिली टाका. रविवारी दवाखाना बंद. सोमवारी सकाळी फोन आला. पाणी ताकासारखं पांढरं, टँग आणि क्लाउनची जोडी तळाशी पडलेली.

पुढची गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं असेल?" मी म्हणालो, "रात्री लाइट गेली असेल." ते म्हणाले, "इन्व्हर्टर आहे." तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मी तुम्ही सांगितलं तेवढंच टाकलं होतं, जास्त नाही." काम त्याच दिवशी गेलं. मासे मेले म्हणून कदाचित गेलं नसतं. खोटं बोललो म्हणून गेलं.

आता आकडे बघा. आपल्याकडच्या व्होडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. एक मिली व्होडकातलं अल्कोहोल पूर्ण जिरवायला सुमारे ०.७ ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे १५ मिलीला १० ग्रॅमच्या वर. आणि २६ अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३०० लिटरला किती झाला? २ ग्रॅम! गल्ल्यात दोन रुपये आणि मी दहाचा चेक फाडला होता. सगळा चेक एका रात्रीत वटत नाही, काही कार्बन जिवाणूंच्या वाढीत जातो, आणि पृष्ठभागावरून थोडा नवीन प्राणवायू येत राहतो, हे खरं. पण जिवाणू वाढायला लागले की ते मासळीसाठी थांबत नाहीत.

आधी आवक-जावक समजून घ्या

आपण दुकानाच्या हिशेबात काय शिकलो? साठा का वाढला हे कळायचं असेल तर आवक आणि जावक दोन्ही लिहा. टँकचंही तसंच आहे.

आवक म्हणजे माशांचं खाणं. त्यातलं प्रोटीन माशांच्या पोटातून अमोनिया होऊन बाहेर पडतं. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. इथे साखळी बहुतेक थांबते. नायट्रेट साचत जातं, सोबत खाण्यातला फॉस्फेटही साचतो.

जावक म्हणजे पाणी बदलणं. आता हा हिशेब करून बघा. समजा तुमच्या टँकमध्ये रोज १ पीपीएम नायट्रेट तयार होतं, म्हणजे आठवड्याला ७. तुम्ही दर आठवड्याला इमानदारीत २५ टक्के पाणी बदलता. नायट्रेट कुठे स्थिरावेल? २८ वर. कारण २८ चा चौथा भाग ७. सात काढले, सात आले. पाणी बदलल्यावर २१, पुढच्या आठवड्यात परत २८. आयुष्यभर बदलत राहिलात तरी आकडा तिथेच. नुसते मासे असतील तर २८ चालून जातं. पण मशरूम, लेदर अशी मऊ पोवळी ठेवलेला रीफ टँक असेल, तर मी नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएममध्ये ठेवतो.

म्हणजे जावकीचा अजून एक रस्ता हवा. तो रस्ता म्हणजे कार्बन डोसिंग.

पाचटाचं तत्त्व

आपल्यातले बरेच जण ऊस पट्ट्यातले आहेत, म्हणून हे लगेच कळेल. उसाचं पाचट शेतात कुजवायचं असेल तर आपण त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतो. का? पाचटात कार्बन भरपूर असतो, पण कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र आणि स्फुरदही लागतं. ते बाहेरून दिलं नाही तर जिवाणू जमिनीतलं ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं.

मरीन टँकमध्ये परिस्थिती बरोबर उलटी आहे. नत्र आणि स्फुरद जास्त झालंय, कार्बन कमी आहे. म्हणून आपण कार्बन देतो, व्हिनेगर, अल्कोहोल किंवा साखरेच्या रूपात. जिवाणू तो खाऊन वाढतात आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट स्वतःच्या शरीरात घेतात. शेतात जी गोष्ट नुकसानीची, ती इथे फायद्याची.

बायोफ्लॉकवाले मित्र म्हणतील, हे तर आम्ही मळी आणि गूळ टाकून करतोच. बरोबर. तत्त्व तेच. फरक दोन आहेत. तुम्ही अमोनियाच्या पातळीवरच पकडता, इथे बहुतेक नायट्रेट पकडतो. आणि तुमच्याकडे जिवाणूंचा फ्लॉक टाकीतच राहतो, मासे तो खातात. रीफ टँकमध्ये हे जिवाणू बाहेर काढायचे असतात. बाहेर काढतो कोण? प्रोटीन स्किमर. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: चांगला चालणारा स्किमर नसेल तर कार्बन डोसिंग करायचंच नाही. स्किमर दोन कामं करतो, जिवाणू फेसातून कपात काढतो आणि पाण्यात हवा घालतो. तो नसेल तर जिवाणू टँकमध्येच मरतात, आणि घेतलेलं सगळं परत सोडतात. माल गोदामातून निघून परत गोदामातच!

सुरू करण्याआधीच्या चार तपासण्या

१. भरीचं पाणी तपासा. बाष्पीभवनाची भर बोअरच्या पाण्याने करत असाल तर अनेक ठिकाणी त्यातच नायट्रेट असतं. आरओचं पाणी वापरा आणि मेम्ब्रेन कधी बदललाय ते बघा. मागच्या दाराने आवक चालू ठेवून पुढच्या दाराने जावक वाढवण्यात अर्थ नाही.

२. खाणं किती पडतंय ते स्वतः बघा. दवाखाना, हॉटेल, ऑफिस, सगळीकडे येणारा-जाणारा चिमूटभर टाकतो. डबा कुलपात ठेवायला सांगा. निम्मं नायट्रेट इथेच अडतं असा माझा अनुभव आहे.

३. टेस्ट किट काय दाखवतं ते वाचा. काही किट नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेट-नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४ ने गुणल्यावर नायट्रेट मिळतं. १० समजून बसलात आणि खरं ४४ असलं, तर पुढचे सगळे निर्णय चुकले.

४. अल्कलिनिटी मोजा. पोषणद्रव्यं कमी असताना अल्कलिनिटी चढी ठेवली तर पोवळ्यांची टोकं जळतात. मी ७ ते ८ डीकेएचमध्ये स्थिर ठेवतो.

व्होडका की व्हिनेगर?

मी व्हिनेगर सांगतो. कारणं व्यवहाराची आहेत. दारूची बाटली घेऊन ग्राहकाच्या ऑफिसात जाणं बरं दिसत नाही. महाराष्ट्रात परवान्याचा प्रश्न येतो, तो वेगळाच. शिवाय व्हिनेगर पातळ असल्यामुळे हात चुकला तरी नुकसान कमी. पाच टक्क्यांचं साधारण ८ मिली व्हिनेगर म्हणजे ४० टक्क्यांची १ मिली व्होडका, कार्बनच्या हिशेबाने. म्हणजे मोजताना एक मिली इकडेतिकडे झाली तर व्होडकाची चूक आठपट मोठी.

स्वच्छ, बिनरंगाचं, साधं व्हिनेगर घ्या. बाटलीवर आम्लता वाचा. आपल्याकडे ४ टक्के बरंच मिळतं, ५ टक्के असेल तर त्या प्रमाणात कमी टाका. ॲपल सायडर, फ्लेवरवालं, मसालेवालं नको. आणि सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर तर अजिबात नको. त्यात मिथेनॉल किंवा कडू रसायनं मिसळलेली असतात.

बायोपेलेट नावाचे दाणेही मिळतात. ते जिवाणूंना हळूहळू खाता येईल अशा प्लास्टिकसारख्या पदार्थाचे असतात, वेगळ्या रिॲक्टरमध्ये फिरत ठेवावे लागतात. रोजचा डोस वाचतो, पण वेग हातात राहत नाही. नवशिक्यांनी द्रव डोसनेच शिकावं.

वेळापत्रक

हे माझं वेळापत्रक आहे, सावकाशीचं. ४ टक्के व्हिनेगर, टँकमधलं प्रत्यक्ष पाणी मोजून (रॉक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करा):

- पहिला आठवडा: दर १०० लिटरला रोज १ मिली.
- पुढे दर आठवड्याला १०० लिटरमागे १ मिलीची वाढ. आठवड्यातून एकदाच, त्याहून जास्त नाही.
- आठवड्यातून दोनदा नायट्रेट आणि फॉस्फेट मोजायचं, त्याच किटने, त्याच वेळी.
- नायट्रेट उतरायला लागलं की वाढ थांबवा. आहे तोच डोस चालू ठेवा.
- नायट्रेट १० च्या खाली आलं की डोस हळूहळू निम्म्यावर आणा आणि आकडा कुठे स्थिरावतो ते बघा. तो तुमचा कायमचा डोस.

डोस सकाळी, लाइट लागल्यानंतर द्या. रात्री शेवाळ आणि पोवळी प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात, आणि पीएचही पहाटे सगळ्यात खाली असतो. व्हिनेगर आम्ल असल्यामुळे तो अजून खाली ओढतं. टाकायचं ते जोरात प्रवाह असलेल्या जागी, थेंब थेंब.

सगळ्यात कठीण भाग कुठला? पहिले तीन-चार आठवडे. काहीही होत नाही! माझ्या रजिस्टरमधला एक ४०० लिटरचा टँक सांगतो. पहिल्या आठवड्यात ४ मिली, नायट्रेट ६०. तिसऱ्यात १२ मिली, नायट्रेट ६०. पाचव्यात २० मिली, ५० च्या आसपास. आठव्या आठवड्यात ३२ मिली आणि आकडा ३० वर. त्यानंतर मी डोस वाढवला नाही, तरी पुढच्या तीन आठवड्यांत तो १० पर्यंत आला. चौथ्या आठवड्यात ग्राहक म्हणतो, "अहो, डबल टाका ना." इथेच डोकं शांत ठेवायचं. जिवाणूंची संख्या आधी तयार होते, परिणाम मागाहून दिसतो.

थांबायच्या खुणा

- पाणी दुधाळ दिसलं की डोस ताबडतोब बंद. एअर पंप लावा, स्किमर पूर्ण चालू ठेवा. पाणी निवळल्यावर आधीच्या डोसच्या निम्म्यापासून परत सुरू करा.
- मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताहेत: आधी हवा, मग बाकी सगळं.
- वाळूवर लाल-जांभळा चिकट थर: हे सायनोबॅक्टेरिया. डोस कमी करा, प्रवाह वाढवा.
- काचेवर, पाइपमध्ये पांढरी जिवाणूंची तार: थोडी असेल तर ठीक, वाढत असेल तर डोस जास्त आहे.
- पोवळी फिकट पडताहेत आणि नायट्रेट शून्य: तुम्ही जिंकला नाहीत, जास्त पुढे गेलात. पोवळ्यांनाही नत्र-स्फुरद लागतं. दोन्ही शून्यावर गेलं की डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी, बुडबुडेवाला चिकटा येऊ शकतो, आणि तो घालवणं नायट्रेटपेक्षा कितीतरी त्रासदायक.

फॉस्फेट मागे का राहतो?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. समुद्रातल्या प्लवकांमध्ये कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण सरासरी १०६ : १६ : १ असतं. आल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. हे अणूंचं प्रमाण. आपल्या किटच्या भाषेत आणलं तर साधारण १० भाग नायट्रेटमागे १ भाग फॉस्फेट. शिवाय रॉकच्या आत, जिथे प्राणवायू कमी पोहोचतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. त्यात फॉस्फेट फारसा जात नाही. त्यामुळे नायट्रेट संपतं आणि फॉस्फेट तसाच राहतो. नत्रच नाही म्हटल्यावर जिवाणू पुढे वाढणार कसे? पाचटावर नुसतं सुपर फॉस्फेट टाकून युरिया विसरल्यासारखं.

अशा वेळी डोस वाढवू नका. फॉस्फेटसाठी लोहयुक्त दाण्यांचं माध्यम, ज्याला जीएफओ म्हणतात, ते थोडं थोडं वापरा. तेही एकदम जास्त नको.

आता धंद्याचं बोलू

बरेच जण म्हणतात, कार्बन डोसिंग केलं की पाणी बदलावं लागत नाही, मिठाचा खर्च वाचतो. अर्धंच खरं. ३०० लिटरच्या टँकचं २५ टक्के म्हणजे ७५ लिटर पाणी. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मीठ धरलं तर एका वेळी पावणेतीन किलोच्या आसपास. आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी बदललं तर महिन्याला पाच-साडेपाच किलो वाचतं. पण पहिले आठ आठवडे तुम्हाला आठवड्याला एक जादा चक्कर आहे, म्हणजे आठ चकरा. पेट्रोल, वेळ, टेस्ट किट. हा खर्च कोटेशनमध्ये "स्थिरीकरण कालावधी" म्हणून वेगळा लिहा. नंतर सांगितलात तर ग्राहक देत नाही. आधी सांगितलात तर विचारतो, समजून घेतो आणि देतो.

रोजचा डोस कोण टाकणार? ग्राहकाच्या माणसावर सोपवू नका. मी सोपवला होता, निकाल वर वाचलात. छोटा डोसिंग पंप लावा. त्याच्या डब्यात सात दिवसांपेक्षा जास्त व्हिनेगर ठेवू नका, म्हणजे टायमर बिघडला तरी सगळी बाटली टँकमध्ये जाणार नाही. महिन्यातून एकदा पंप सिरिंजमध्ये चालवून खरंच तेवढे मिली येतात का ते मोजा.

टँकखालच्या कपाटात एक वही ठेवा. तारीख, नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटी, डोस, सही. ग्राहकाला ती कधीही उघडता आली पाहिजे. त्या दवाखान्यात अशी वही असती तर मला खोटं बोलायची सोयच राहिली नसती. आणि कदाचित वाचून कुणीतरी विचारलं असतं, "एकदम १५ मिली कसे?"

एक कायद्याची गोष्टही स्पष्ट सांगतो. कठीण कवचाची, रीफ बांधणारी सगळी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, समुद्रघोडेही आहेत. "मिळतंय, सगळे विकतात" या भरवशावर त्यांना हात लावू नका. परदेशी प्रजाती घेताना कागदपत्रं आणि नोंदणी तपासा, शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारा. आपला धंदा पाणी सांभाळण्याचा आहे. त्यात जोखमीशिवाय पुरेसं काम आहे.

शेवटचं

त्या डॉक्टरांकडे मी दोन वर्षांनी परत गेलो होतो. दात दुखत होता म्हणून! टँक तिथेच होता, दुसरं कुणीतरी बघत होतं. खुर्चीत बसल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, लाइट गेली नव्हती. माझा डोस चुकला होता." ते हसले. म्हणाले, "माहितीये. आ करा." काम परत मिळालं नाही, पण त्यांच्याच ओळखीतून पुढे एका शाळेचा टँक मिळाला. तो आजही माझ्याकडे आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या एका टँकचं नायट्रेट सात दिवस रोज मोजा, त्या दरम्यान पाणी बदलू नका. वाढलेला आकडा म्हणजे तुमची आठवड्याची आवक. तिला ०.२५ ने भागा. पंचवीस टक्के पाणी बदलून तुमचा टँक कुठे थांबेल ते कळेल. तो आकडा कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही टँकचा हिशेब आपण फळ्यावर करू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सिरिंज आणि वही, दोन्ही हाताशी ठेवा.